ऑइल बदलताना ड्रेन बोल्टचे आटे गेले, आता इंजिनात ठोके; गॅरेजवाला हात वर करतोय

कोथरूडकर

गाडी 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, 2017 ची, 68,000 किमी. वॉरंटी संपलेली. घराजवळच्या गॅरेजात (कंपनीचं नाही) ऑइल आणि फिल्टर बदलून घेतले. बिल साध्या छापील पावतीवर आहे, तारीख आणि किलोमीटर लिहिलेले, पैसे यूपीआयने दिलेत. त्यानंतर पार्किंगमध्ये तेलाचे थेंब दिसायला लागले. त्याने गाडी परत घेतली, ड्रेन बोल्टला (इंजिनाच्या तळाशी ऑइल काढायचा बोल्ट) टेफ्लॉन टेप गुंडाळली, वरून एम-सील थापलं आणि "आता टिपूसही येणार नाही" म्हणाला. पुढे हायवेवर ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी लगेच बाजूला घेऊन बंद केली, डिपस्टिक कोरडी. टोचन करून त्याच्याकडेच नेली. त्याने ऑइल भरून चालू केली तर खालून जड ठोके ऐकू येतात.

आता म्हणतो, "गाडी जुनी झाली, बेअरिंग जाणारच होतं. हाफ इंजिनचं (अर्धं इंजिन खोलून करायच्या दुरुस्तीचं) लेबर मी घेत नाही, पार्ट तुम्ही आणा." गाडी त्याच्याच गॅरेजात आहे आणि टोचन + ऑइलचे पैसे दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो. प्रश्न दोन. इंजिनाचं नक्की काय बिघडलंय हे कसं ठरवायचं? आणि दोष त्याचाच आहे हे सिद्ध कसं करायचं?

पानापक्कड

आधी एक फोन करा: इंजिन पुन्हा चालू करायचं नाही आणि खोलायचंही नाही. हे लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. बिगेंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) वरचा थर गेला असेल तर इंजिन फिरण्याचा प्रत्येक मिनिट क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग, खातो. आज शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) बदलून भागेल ते उद्या क्रँक ग्राइंडिंगवर जातं, आणि काही छोट्या इंजिनांना कंपनी अंडरसाइझ (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीची) बेअरिंग देतच नाही. म्हणजे थेट नवा क्रँक.

आटे का जातात ते समजून घ्या, कारण तुमचा पुरावा तिथेच आहे. ड्रेन बोल्ट स्टीलचा, आणि चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर आटे मऊ. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत बोल्ट 12 किंवा 14 मिमीचा असतो आणि तो 25 ते 45 न्यूटन मीटरवर बसतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. लांब रिंग पाना घेऊन अंगाचा जोर दिला, किंवा त्याहून वाईट म्हणजे इम्पॅक्ट गन लावली, की हा आकडा कधी ओलांडला ते हाताला कळत नाही. दुसरं कारण जुना वायसर. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही, थोडं झिरपतं, ते थांबवायला माणूस आणखी आवळतो. तिसरं, बोल्ट बोटांनी दोन-तीन फेरे न फिरवता पान्यानेच सुरू केला तर तो तिरका शिरतो.

टेफ्लॉन टेपने इथे काही होत नाही. या बोल्टचे आटे सरळ असतात, ते फक्त दाब देतात. तेल अडवतो तो वायसर आणि त्याखालची सपाट जागा. उलट टेपमुळे आटे निसरडे होतात, तेवढाच जोर लावला तरी बोल्ट जास्त ताणला जातो, आणि टेपचे तुकडे आत गेले तर पिकअपच्या (पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या) जाळीवर जाऊन बसतात. एम-सील तेलकट धातूवर धरत नाही. आटे तुटलेला बोल्ट मग गरम-थंड आणि कंपनात सैल होत जातो.

लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. साध्या स्विचचा दिवा साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली दाब गेल्यावर लागतो. एवढ्या दाबावर हायवेच्या वेगात बेअरिंगची तेलाची फिल्म आधीच फाटलेली असते. म्हणून "दिवा लागताच बंद केली" हे बरोबरच केलंत, पण त्याने इंजिन वाचलं असेलच असं नाही.

पानापक्कड

वरच्या उत्तरात तपासणीचा क्रम राहिला. इंजिन चालू न करता सगळं करता येतं, आणि याच क्रमाने करा:

स्वच्छ ट्रेमध्ये ऑइल काढा, पांढऱ्या कापडातून गाळा. चमकणारी बारीक कणी दिसली तर चुंबक फिरवून बघा. चुंबकाला चिकटली तर लोखंड-स्टील, म्हणजे क्रँक, कॅम, चेन यांपैकी काही. न चिकटणारी रुपेरी कणी बेअरिंगची असू शकते, पण तुमच्या बाबतीत ती चेंबरच्या आट्यांचीही असेल, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. आट्यांचा चुरा स्प्रिंगसारखा वळलेला किंवा दाणेदार असतो, बेअरिंगचा चुरा पापुद्र्यासारखा चपटा.

ऑइल फिल्टर कापून बघा. करवतीने कापू नका, करवतीचाच चुरा आत पडतो आणि मग कोणाचा धातू कोणता ते कळत नाही. फिल्टर कटर किंवा पत्र्याची कात्री वापरा. आतला कागद पंख्यासारखा उलगडून उन्हात फोटो काढा.

मग चेंबर उतरवा, पिकअपची जाळी बघा. टेपचे पांढरे धागे तिथे सापडले तर अर्धी केस तिथेच उभी राहिली.

शेवटी बिगेंडच्या कॅप एकेक करून खोला. प्रत्येक कॅपवर सिलिंडरचा नंबर आणि दिशा खूण करून, नाहीतर परत बसवताना घोळ. शेल आणि जर्नल कोरडे पुसा, प्लास्टिगेजची (फट मोजायची मऊ, दाबली की चपटी होणारी) काडी ठेवा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) कॅप आवळा, क्रँक अजिबात न फिरवता उघडा आणि चपटी झालेली पट्टी मोजा. चांगल्या इंजिनात ही फट साधारण 0.02 ते 0.05 मिमी असते.

आणि आता "गाडी जुनी झाली" याचं उत्तर. वयाने झिजलेली शेल सगळीकडे सारखी गुळगुळीत, करडी असते, मध्ये मध्ये रुतलेली घाण दिसते. तेलाविना पळालेली शेल वेगळी दिसते: वरचा थर पुसल्यासारखा सरकलेला, कडेला पसरलेला, ताज्या चमकदार ओढी, कडा तापून काळ्या-निळ्या पडलेल्या, आणि असं एकापेक्षा जास्त सिलिंडरांवर. 68,000 किमीला ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनाची बेअरिंग सहसा आपोआप जात नाहीत. जुन्या सर्व्हिसची बिलं शोधून ठेवा, तो मुद्दा तिथेच संपतो.

सुटेभाग

पानापक्कड यांच्याशी सहमत, एक जोड. ठोके खालूनच आहेत याची खात्री आहे ना? तेल संपल्यावर टॅपेटही (वरचे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजतात. तो आवाज वरून येतो, पातळ आणि टकटक असतो, आणि दाब परत आला की कधी कधी आपोआप जातो. बिगेंडचा ठोका जड, लोड आला की वाढणारा. ज्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगी देणारी) काढल्यावर ठोका मऊ पडतो त्याचं बेअरिंग. पण ही परीक्षा इंजिन चालवून होते, म्हणून आता नकोच. आधीच्या आवाजाचा व्हिडिओ असेल तर तो जपा.

तक्रारवही

पुराव्याचं बोलतो, कारण मेकॅनिक लोक इथे बरोबर सांगतात आणि मग सगळे भाग भंगारात जातात.

खोलण्याआधी संयुक्त पाहणी करा. गॅरेजवाल्याला लेखी कळवा की अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी इंजिन उघडलं जाईल, तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहा. तो आला नाही तरी चालेल; कळवल्याचा पुरावा हवा. पाहणीला तिऱ्हाईत जाणकार असावा. विमा कंपन्यांसाठी काम करणारे परवानाधारक मोटार सर्व्हेअर खासगी पाहणीही करून लेखी अहवाल देतात. दुसऱ्या एखाद्या गॅरेजच्या लेटरहेडवरचं मत त्याच्यापेक्षा हलकं, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. अहवालात तीन गोष्टी याव्यात: काय दिसलं, त्याचं कारण काय, दुरुस्तीला काय लागेल. "इंजिन खराब आहे" एवढ्या ओळीला किंमत नाही.

ड्रेन बोल्ट, वायसर, कापलेला फिल्टर, शेल हे सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत, तारीख आणि सह्या घालून, तुमच्या ताब्यात. बोल्टच्या आट्यांत अडकलेलं अ‍ॅल्युमिनियम पुसू नका. डॅशबोर्डवरचे किलोमीटर दिसतील असा फोटो काढा. ऑइल बदलल्याच्या पावतीवरचे किलोमीटर आणि हे यांतला फरक हाच तुमच्या बाजूचा सगळ्यात साधा मुद्दा आहे.

गाडी अडवून धरण्याबद्दल: भारतीय संविदा अधिनियम 1872, कलम 170 प्रमाणे दिलेल्या कामासाठी कौशल्य किंवा मेहनत खर्ची घातली असेल तर मेहनताना मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा हक्क कारागिराला असतो. त्यानेच घडवलेल्या नुकसानीच्या टोचनला तो लागू होतो का यावर वाद घालता येईल, पण गाडी त्याच्या ताब्यात राहणं तुम्हाला जास्त महाग पडेल. पैसे द्या, यूपीआयने किंवा चेकने, आणि पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: "रक्कम मान्य नाही, गाडी ताब्यात घेण्यासाठी हरकत राखून देत आहे." तीच रक्कम पुढे भरपाईत मागायची. गाडी टोचन करूनच बाहेर काढा.

त्याच कायद्याचं कलम 151 तुमच्या बाजूचं आहे. ताब्यात घेतलेल्या वस्तूची एखादा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणं बंधनकारक आहे. जॉबकार्डावर "गाडी मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं असलं म्हणून हलगर्जीपणा आपोआप माफ होत नाही.

कोथरूडकर

खूप उपयोगी, धन्यवाद. गॅरेजवाल्याने आत्ताच एक कागद पाठवलाय: "लेबर माफ करून काम पूर्ण समाधानकारक झाले, पुढे कोणतीही तक्रार नाही." सही केली की लगेच काम सुरू करतो म्हणतो. शिवाय पोलिसांत जावं का? आणि विम्यातून काही मिळेल का?

तक्रारवही

त्या कागदावर सही अजिबात नको. काम झालेलंच नाही आणि समाधान आधीच लिहून घेतोय. तडजोड करायची तर ती अशी लिहा: कोणते भाग, कोणत्या दर्जाचे (कंपनीचे की बाजारातले), कोणाच्या पैशाने, किती तारखेपर्यंत, त्यानंतर किती महिने किंवा किलोमीटरची हमी. तक्रार मागे घेण्याची ओळ शेवटी, आणि "वरील सर्व पूर्ण झाल्यावर" असं जोडून.

पोलीस: हा दिवाणी वाद आहे, ठाण्यात फार तर अदखलपात्र नोंद होईल. बॅटरी, टायर, स्टेपनी बदलून टाकली असेल किंवा गाडी परस्पर वापरली असेल तर गोष्ट वेगळी.

ग्राहक तक्रार: ग्राहक संरक्षण कायदा 2019. पैसे घेऊन दिलेली सेवा सदोष असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, आणि तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, गॅरेजचा जिल्हा शोधत बसायला नको. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. इथे मोबदला म्हणजे सर्व्हिसचं बिल, मागितलेली भरपाई नव्हे. बरेच जण इथे गोंधळतात. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. त्याआधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करून क्रमांक घ्या. छोट्या गॅरेजवर तिचा दबाव कमी पडतो, कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपवर बऱ्यापैकी पडतो. मुंबईत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शनही घेता येतं.

पहिली पायरी नोटीस. मराठीत, एक-दीड पान: तारीख, गाडी क्रमांक, किलोमीटर, पावती, काय काम दिलं, कधी थेंब पडायला लागले, त्याने काय केलं, पाहणीत काय निघालं, किती रक्कम, 15 दिवसांची मुदत. पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्टच मिळेल. सोबत तीच नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका.

मागणीत दुरुस्ती, पाहणी, टोचन, आणि गाडी बंद असतानाचा रिक्षा-टॅक्सीचा खर्च (पावत्या असतील तेवढाच) घाला. मानसिक त्रासाचे पाच-दहा लाख लिहू नका. बाकीच्या नेमक्या आकड्यांवरचा विश्वासही त्याने जातो. कायद्यात तपासणीची गरज नसलेल्या तक्रारीला 3 महिने आणि तपासणी लागली तर 5 महिने असं लिहिलंय. प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून नोटिशीनंतर तो पार्टचे पैसे द्यायला तयार झाला तर विचार करा. आदेश तुमच्या बाजूने झाला आणि त्याला अपील करायचं असेल तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर कलम 72 खाली दंड किंवा कैदही आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. गाडी धंद्यासाठी वापरात असेल तर "ग्राहक" यावरच वाद होतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असाल तर मात्र कायद्यात जागा आहे.

विमावाला_ठाणे

विम्याचं थोडक्यात. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज बसत नाही, त्यामुळे हे प्रकरण बाहेर. इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन असेल तर त्याची भाषा नीट वाचा: अनेक कंपन्या ऑइल गळतीमुळे झालेलं नुकसान देतात, पण गळती खालून आघात बसून झालेली असावी अशी अट असते. सैल किंवा बिघडवलेल्या बोल्टला आघात म्हणून दाखवू नका. सर्व्हेअर चेंबरवर ठोकल्याची खूण शोधेल, सापडणार नाही, आणि खोटा क्लेम म्हणून फाइल बंद होईल. वर ग्राहक आयोगातली तुमची गोष्टही त्यामुळे खोटी पडेल, कारण दोन ठिकाणी दोन कारणं झाली.

पेट्रोलपंपाजवळ

थोडं विषयाला सोडून. अधिकृत वर्कशॉपमधून गाडी आली आणि मागच्या दारावर नवा ओरखडा, जवळ रंगाची छटा वेगळी. ते म्हणतात आधीपासून होता. हे कसं सिद्ध करायचं?

सुटेभाग

गाडी घेताना भरलेलं जॉबकार्ड बघा, त्यावर गाडीचं रेखाचित्र असतं आणि आधीचे ओरखडे त्यावर खुणावलेले असतात. तिथे खूण नसेल तर मुद्दा तुमचा. वर्कशॉपच्या गेटवर आणि वॉशिंगला बहुधा कॅमेरे असतात. फुटेज लवकर पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी ई-मेलने ते जपून ठेवायला सांगा. छटेसाठी पेंट थिकनेस मीटर: कारखान्याचा रंग साधारण 80 ते 140 मायक्रॉन असतो, 200 च्या वर गेलं की पुन्हा फवारलंय, आणि कित्येक शे दाखवलं तर खाली पुट्टी आहे. शेजारच्या दाराचं मोजमापही घ्या, तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि प्लॅस्टिक बंपरवर साधं मीटर चालत नाही. आधी सर्व्हिस मॅनेजर, मग जॉबकार्ड क्रमांक देऊन कंपनीच्या ग्राहक कक्षाला ई-मेल. फोनवर बोललेलं कुठे राहत नाही.

हेलिकॉईल

मूळ प्रश्नाकडे. चेंबरचं काय करायचं यावर कोणी बोललं नाही. बाजारात तीन उपाय सांगतील. एक, मोठ्या मापाचा स्वतः आटे पाडणारा बोल्ट. हा नको, प्रत्येक ऑइल बदलाला थोडं थोडं कापत जातो आणि एकदा तिरका शिरला की चेंबर तडकतं. दोन, हेलिकॉईल किंवा घन बुश: जुनं भोक टॅपने मोठं करून आत स्टीलचे आटे बसवायचे. नीट बसवलं तर मूळपेक्षा मजबूत, पण चेंबर उतरवूनच करा. गाडीखाली झोपून टॅप मारला तर चुरा आत पडतो. तीन, नवं चेंबर.

तुमचं चेंबर तसंही उतरणार आहे, म्हणून मी म्हणेन नवंच घाला आणि जुनं पुराव्यात ठेवा. बुश बसवला की तुटलेले आटे कायमचे गेले, मग दाखवणार काय?

पानापक्कड

हेलिकॉईल यांचं पटलं, बुशबद्दलचं माझं मत वेगळं असलं तरी या केसमध्ये नवं चेंबरच.

काम दुसऱ्या गॅरेजात द्याल तेव्हा हे आधीच ठरवून घ्या. बिगेंड आणि मेन (क्रँक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या) दोन्ही शेल बदलायच्या. नुसत्या बिगेंड बदलून देणारे भेटतील, पण उपाशी इंजिनात मेनही मार खातात. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणून आवळायच्या जातीचे असतील तर नवेच. क्रँकचं जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजून आकडे बिलावर लिहून घ्या. ऑइल पंप उघडून आत ओरखडे आहेत का बघायला सांगा, हे बहुतेक सगळे विसरतात. क्रँक बाहेर निघाला असेल तर त्याच्यातली तेलाची छिद्रं हवेने नाही, ब्रश आणि द्रावणाने साफ करून घ्यायची; अडकलेला चुरा नव्या शेल पहिल्याच आठवड्यात खातो.

चेंबर चिकटवायला सिलिकॉनची एक अखंड रेघ, साधारण 3 ते 4 मिमी, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावली की आत ओघळून जाळीवर जाते. ट्यूबवर लिहिलेला वाळायचा वेळ पाळायचा, तोपर्यंत ऑइल भरायचं नाही. पहिल्यांदा चालू करण्याआधी इंधन किंवा इग्निशन तोडून, थोडं थोडं थांबत क्रँक फिरवून दिवा विझू द्या. मग ऑइलच्या दिव्याचा स्विच काढून तिथे यांत्रिक प्रेशर गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला आणि 3000 आरपीएमला दाब मोजा. गरम इंजिनाला आयडलवर 1 बारच्या आसपास आणि 3000 ला अडीच-तीन बार मिळाले तर बहुतेक छोट्या पेट्रोल इंजिनांसाठी ठीक. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून. दोन्ही आकडे बिलावर.

पहिलं ऑइल आणि फिल्टर 500 ते 1000 किमीला बदलायचे, तोवर हायवेला ताण द्यायचा नाही. आणि तो फिल्टरही कापून बघायचा.

कोथरूडकर

गॅरेजवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप केला, सही करणार नाही हेही कळवलं. गाडी हरकत नोंदवून टोचन करून काढतोय. सर्व्हेअरला विचारतो. एकच शंका: त्याने आधीच बोल्ट बदलून नवा लावला असेल तर?

तक्रारवही

मग जुना बोल्ट लेखी मागा. बदललेले भाग तुमचे आहेत. नाही दिला तर तेही नोटिशीत येईल. आणि बोल्ट गेला तरी चेंबरच्या भोकातले आटे गेलेले आहेतच. खालून मोबाइलचा टॉर्च लावून जवळून फोटो घ्या, गाडी त्याच्या दारातून हलायच्या आधी.